मागच्या खेपेला काय होतं?

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली आणि आमच्या घरचे हाल सुरू झाले. इतरांचे हाल लढाई चालू असताना झाले, आमचे ती थांबल्यावर. माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, चाकणजवळचं गाव सोडून दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले होते. लढाई संपल्यावर तिथली माणसं कमी केली, त्यात दादा आले. गावाकडं भावकीत वाटण्या होऊन जमीन नावापुरती उरली होती. चिंचवडच्या गावठाणात एका खोलीत आम्ही राहायचो. आई नदीकाठच्या वीटभट्टीवर जायची. तिच्या तळहातात विटांची धूळ इतकी मुरली होती, की हात कितीही घासले तरी भाकरीवर तांबूस बोटं उठायची. दादा सकाळी काम शोधायला बाहेर पडायचे आणि संध्याकाळी येऊन म्हणायचे, "मला आज भूक न्हाई. पोरांना वाढ." आम्ही पोरं ते खरं धरून जेवायचो.

मग स्टेशनापलीकडं, सायडिंगला, म्हणजे मालगाड्या उभ्या करायच्या बाजूच्या रुळांना, लागून असलेल्या एका तेल कंपनीच्या डेपोत त्यांना काम मिळालं. रेल्वेच्या वाघिणींतून पेट्रोल आणि रॉकेल यायचं, तिथल्या मोठ्या टाक्यांत साठायचं, आणि मग टाकीच्या लॉऱ्यांत भरून पुण्याकडं, जुन्नरकडं, नाशिकच्या रस्त्याला जायचं. दादा लॉरीच्या टाकीवर चढून भरणी करायचे. काम टेम्पररी. टेम्पररी म्हणजे रोज सकाळी गेटवर रांगेत उभं राहायचं. यार्डाच्या सुपरवायझरनं बोट दाखवलं तर आत जायचं, नाही दाखवलं तर घरी.

ते बोट ज्यांचं, त्यांच्याविषयी हे लिहितो आहे.

अंगानं काटकुळे, रत्नागिरीकडचे, खाकी अर्धी चड्डी आणि रबरी तळव्याचे पांढरे बूट. चेहऱ्यात नाकाशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं. भरणीवाले त्यांना पाठीमागं नाकसाहेब म्हणायचे. तोंडावर कुणी काहीच म्हणायचं नाही, कारण तोंडावर बोलायला गेलं की ते आधी तोंडाचाच वास घ्यायचे. "आत्ताच ओढलीस. बिडी कुठं टाकलीस? विझवलीस कशावरून?" मग माणूस आणि ते दोघं मिळून बाहेरच्या रस्त्यावर थोटूक शोधत हिंडायचे.

गेटवर झडती घ्यायचे तेही स्वतः. खिसे, कानामागची बिडी, फेट्याचे पदर. मग म्हणायचे, "पाय वर." घोड्याचा नाल बघावा तसे वहाणांचे तळवे उलटे करून बघायचे. खिळा दिसला की वहाण गेटबाहेर. काडेपेट्या एका लाकडी खोक्यात जमा व्हायच्या. संध्याकाळी त्या परत देताना त्यांचा नवा संशय: "ही तुझीच कशावरून?" गेनू भरणीवाला एकदा वैतागून म्हणाला, "साहेब, माझ्या बायकूबद्दलबी कुनी इतकं इचारलं न्हाई."

"विचारायला हवं होतं," साहेब म्हणाले.

लॉरी आत आली की त्यांचा सगळा शिरस्ता सुरू व्हायचा. इंजिन बंद. चाकाला लाकडी ठोकळा. मग तांब्याच्या तारेचा चिमटा लॉरीच्या लोखंडाला लावायचा. त्या तारेचं दुसरं टोक जमिनीत पुरलेलं. तेल नळातून पळतं तेव्हा त्यात वीज धरते, तिला जमिनीत उतरायला वाट लागते, ती वाट म्हणजे ही तार. भरायचा पाइप टाकीच्या तळापर्यंत सोडायचा, वरून धार धरायची नाही, आणि पाइपाचं तोंड बुडेपर्यंत तेल हळूच सोडायचं. हे सगळं झालं तरी व्हॉल्व उघडायचा नाही. आधी साहेब ड्रायव्हरला विचारणार, "मागच्या खेपेला काय होतं?"

या प्रश्नावर डेपो चालायचा. कारण टाकी रिकामी दिसली तरी रिकामी नसते. पेट्रोल ओतून टाकलं तरी त्याची वाफ आत कोंडून राहते, आणि त्या वाफेवर रॉकेल ओतायला गेलं तर एका ठिणगीचं काम असतं. म्हणून ज्या लॉरीनं आधी पेट्रोल नेलं तिला रॉकेल द्यायचं नाही. झाकण उघडं ठेवून वारं लागेपर्यंत बाजूला उभी करायची. ड्रायव्हरांना थांबायला नको असायचं. त्यामुळं मागच्या खेपेला काहीही असलं तरी उत्तर ठरलेलं: "रॉकेलच, साहेब." साहेब उत्तर ऐकायचे आणि वर चढून टाकीच्या तोंडात नाक घालायचे. ऐकायचंच नव्हतं तर विचारलं कशाला, असं मी पुढं तिथं कामाला लागल्यावर एकदा म्हटलं. म्हणाले, "खोटं बोलतो की नाही हे कळायला नको?"

पुढं पुढं हा प्रश्न त्यांच्या तोंडातून कुठंही निघायला लागला. चहावाल्याला: "या किटलीत आधी काय होतं?" नव्या हमालाला: "याआधी कुठं होतास? त्याआधी?" गेनूच्या मुलीच्या लग्नाला ते आले, पंगतीला बसले, आणि वाढप्यानं पाण्याचा जग पुढं केला तेव्हा त्यालाही तेच विचारलं. आमच्याकडं भांड्यात आधी काय होतं हे कोण विचारतं आणि का विचारतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गेनू लाल झाला. "आमच्या घरचं पानी घशाखाली जाईना व्हय साहेबाच्या? सोवळं आठवलं?" साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, जगात नाक घातलं, आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. ते सोवळं होतं की सवय होती, यावर भरणीवाल्यांत बरेच दिवस वाद चालला. गेनू म्हणायचा, पाणी पिऊन दाखवलं म्हणजे मन साफ असं नसतं. मलाही तेव्हा तसंच वाटायचं.

माझा त्यांच्यावर राग होता, आणि राग येण्यासारखं त्यांनी केलंही होतं. एका थंडीत सकाळी दादा अंगावर घोंगडी घेऊन टाकीवर चढले. मावळातली थंडी, त्यात लोखंडाची टाकी. साहेब खालून ओरडले, "उतर! ते काढ!" दादा उतरले. साहेबांनी सगळ्यांना कोठीच्या खोलीत नेलं, दार लावून अंधार केला आणि घोंगडी दादांच्या अंगावरून खसकन ओढली. चटचट निळ्या ठिणग्या उडाल्या.

"ह्ये व्हय? ह्ये तर आमच्या म्हातारीलाबी ठावं हाय," गेनू म्हणाला.

"मग उद्यापासून म्हातारीला पाठव. तू घरी बस."

घोंगडीचं एक वेळ ठीक. पण दादा दारूगोळ्याच्या कारखान्यातून आलेत हे कळल्यापासून साहेबांनी त्यांची पाठ धरली होती.

"तुला तिथून का काढलं?"

"समद्यांनाच काढलं, साहेब. लढाई सपली."

"सगळ्यांना नाही काढलं. काही ठेवले. तुला का नाही ठेवलं?"

दादांकडं याला उत्तर नव्हतं. आहे कुणाकडं? पण साहेबांना ती लपवाछपवी वाटली. "स्फोटाच्या कामातला माणूस एक तर घाबरट होतो, नाही तर निर्ढावतो. तू घाबरट दिसत नाहीस," म्हणाले. मग कधी कधी आठवडाभर ते बोट दादांवरून पुढं सरकायचं. भरणीवाल्यांत कुजबूज व्हायची की कोकणातला कुणी पाव्हणा आणायचाय, म्हणून जागा मोकळी करतायत. तो पाव्हणा काही आला नाही, पण आज नाही तर उद्या येईल म्हणून आम्ही सगळे वाट बघत राहिलो.

मी मॅट्रिक झालो. आमच्या घराण्यात तोवर कुणी एवढं शिकलं नव्हतं, आणि मी तिथं थांबलो नाही. आगगाडीनं पुण्याच्या कॉलेजात जायला लागलो. सुट्ट्यांमध्ये डेपोच्या ऑफिसात पावत्या लिहायचं काम मिळालं. पहिल्याच दिवशी साहेबांनी गेटवर माझी वहाण उलटी केली आणि विचारलं, "कॉलेजात काय शिकतोस?"

"केमिस्ट्री."

"कशाला?"

"शिकायची आहे म्हणून."

"आणि बाप चढायचा थांबला की टाकीवर कोण चढणार?"

"आमच्या घरातलं कुणी नाही," मी म्हणालो. अगदी सरळ तोंडावर. साहेब माझ्या वहाणेकडं बघत म्हणाले, "उद्या दुसरी घालून ये." त्यात खिळा होता खरा.

आता त्या दसऱ्याचं सांगतो. दिवाळी तोंडावर आलेली, रॉकेलला मागणी. खंडेनवमीला लॉऱ्यांची पूजा झाली, अर्थात गेटच्या बाहेर, कारण कापूर आणि उदबत्ती साहेबांनी रस्त्याच्याही पलीकडं घालवली होती. दसऱ्याला दुपारपर्यंत लॉऱ्या भरून झाल्या की सुट्टी, असं मॅनेजरनी कबूल केलं होतं. हे मॅनेजर मुंबईहून आलेले, तरुण. त्याच सकाळी त्यांनी भरणीवाल्यांना आणखी एक गोष्ट सांगितली: दिवाळीनंतर टेम्पररी माणसं कमी होणार. "जो काम अडवेल त्याचं नाव पहिलं," असं त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितलं. मी ऑफिसच्या पायरीवर उभा राहून ऐकलं. दादांनीही ऐकलं.

एका कंत्राटदाराची लॉरी आली. नवी कोरी रंगवलेली, झेंडूच्या माळा, पुढं लिंबू-मिरची. ड्रायव्हर गंध लावून, टोपी घालून खूश. साहेबांना आदल्या दिवसापासून पडसं झालेलं. रुमाल नाकाला आणि डोळे पाणावलेले. त्यांनी चिमटा लावायची जागा बघितली. लॉरीवाल्यांनी हौसेनं तिथंही रंग फासला होता. साहेबांनी सुरी काढली आणि तो रंग खरवडायला लागले.

ड्रायव्हर धावत आला. "ओ साहेब! सणाचं काय करताय? कालच रंग दिलाय!"

"चिमटा लोखंडाला लावायचा की रंगाला? मागच्या खेपेला काय होतं?"

"रॉकेलच की."

साहेब वर चढले. टाकीच्या तोंडात डोकं घातलं. बराच वेळ ते तसेच होते. वर आले ते जोरात शिंकले. पुन्हा डोकं घातलं, पुन्हा शिंकले. खाली भरणीवाले तोंडं फिरवून हसायला लागले. ज्या नाकावर डेपो चालत होता ते नाक बंद होतं.

त्यांनी लॉऱ्या भरायच्या फलाटावरच्या एकेकाकडं बघितलं. असं की जणू चोर निवडायचाय. मग ते बोट दादांकडं आलं.

"तू. वर ये. वास घे."

एवढ्यात मॅनेजर बाहेर आले. "काय चाललंय? अजून पाइप घातला नाही?"

दादा वर चढले. टोपी काढून वाकले. मी पायरीवरून त्यांची फक्त पाठ बघत होतो. रॉकेल म्हटलं की लॉरी भरते, बाकीच्या भरतात, सगळे दुपारी घरी जातात, आणि कमी करायच्या नावांत दादांचं नाव येत नाही. हे न समजणारा माणूस त्या फलाटावर नव्हता.

दादा सरळ उभे राहिले. "पेट्रोल हाय."

"अरं सखाराम, नीट वास घे की लेका!" गेनू खालून म्हणाला. "सणाला तरी..."

साहेबांचाही विश्वास बसला नाही. "पुन्हा घे."

दादांनी पुन्हा घेतला. "पेट्रोलच."

"रॉकेल म्हणायला काय झालं होतं तुला? लवकर घरी गेला असतास."

"वास पेट्रोलचा येतोय साहेब. रॉकेल कसं म्हनू?"

ड्रायव्हर चिडला. "काय पेट्रोल? ही टाकी म्या परवा आतून पान्यानं धुतलीया! आईशप्पथ!"

साहेब रुमालातून खाली बघत राहिले. "धुतलीस?"

"व्हय. सणाला गाडी धुवायची न्हाई व्हय?"

"आतून?"

"आतून-भायेरून."

"घरचा रॉकेलचा डबा रॉकेल भरायच्या आधी पाण्यानं धुतोस का रे?"

ड्रायव्हर लॉरीवरची झेंडूची माळ सारखी करायला लागला.

"रॉकेल होतं आणि रॉकेलच भरायचंय, तर आतून धुवायचं काय कारण?"

ड्रायव्हरनं टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाला, आणि अगदी मनापासून म्हणाला, "व्हतं पेट्रोल. पर धुतलं की! धुतल्यावं मागलं कशाला काढायचं? ताट धुतलं की झालं, तसंच हे." त्याला आपण खोटं बोललो असं वाटतच नव्हतं. त्याच्या लेखी टाकी स्वच्छ झाली होती, आणि स्वच्छ झालेल्या भांड्याला मागची खेप नसते.

"मग झालं तर," मॅनेजर म्हणाले. "धुतलीय ना? भरा. उशीर होतोय."

"पाण्यानं पेट्रोल जात नाही. वास येतोय म्हणजे आहे."

"तुम्हाला येतोय वास?"

"मला नाही येत."

"मग एका टेम्पररी माणसाच्या सांगण्यावर माझ्या लॉऱ्या थांबवणार तुम्ही? मी सांगतो, भरा. ही माझी ऑर्डर."

साहेब खाली उतरले. भरणीच्या मुख्य व्हॉल्वचं लोखंडी चाक फिरवून तो घट्ट बंद केला, नट काढून चाक मोकळं केलं, काखेत घातलं, आणि चालत गेटपर्यंत गेले. तिथं थांबून वॉचमनपुढं स्वतःचे खिसे उलटे केले, पाय वर करून तळवे दाखवले, आणि बाहेर जाऊन समोरच्या रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर चाक मांडीवर घेऊन बसले. मॅनेजर जाऊन ओरडले, विनवण्या केल्या, पुन्हा ओरडले. साहेब शिंकत राहिले. चाकाशिवाय कुणालाच काही भरता येईना. शेवटी ती माळा घातलेली लॉरी रिकामी परत गेली, तेव्हा ते उठले.

त्या दिवशी डेपो संध्याकाळपर्यंत चालला. दादा घरी आले ते मॅनेजरनं "उद्यापासून येऊ नकोस" सांगितल्यावरच. आईनं दारात आपट्याची पानं ठेवली होती. ती दादांना एवढंच म्हणाली, "रॉकेल म्हनायला काय जड होतं?"

"म्हनता आलं असतं," दादा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

दिवाळी आईच्या भट्टीवरच्या मजुरीवर निघाली. माझी टर्मची फी राहिली. दादा मला म्हणाले, "कालेज सोडू नगं. काम मिळंल मला." पण ते कामाला बाहेर पडताना पुन्हा पूर्वीसारखे दिसायला लागले होते, आणि संध्याकाळी पुन्हा भूक नसायची. आता मी ते खरं धरण्याच्या वयाचा नव्हतो.

दिवाळीनंतर मुंबईहून मोठा साहेब आला. मॅनेजरनं सुपरवायझरविरुद्ध लिहिलं होतं, सुपरवायझरनं मॅनेजरविरुद्ध. दादांना बोलावलं, आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगायला मला उभं केलं. वडिलांची नोकरी जिथं ठरणार त्या खोलीत, त्यांच्या शेजारी, त्यांचा आवाज होऊन मी उभा होतो. माझी इंग्रजी कॉलेजातली होती, पण त्या दिवशी ती अडखळली नाही.

मोठ्या साहेबानं विचारलं, "टाकीत पेट्रोल होतं याची तुला खात्री आहे?"

"व्हय."

मग तो सुपरवायझरकडं वळला. "तुमचा या माणसावर विश्वास आहे?"

"नाही," ते म्हणाले.

मी ते भाषांतर न करता थांबलो. दादा खाली बघत होते. एवढ्यासाठी आम्हाला इथं आणलं?

"माझा कुणावरच नाही," ते पुढं म्हणाले, मराठीतच, जणू दादांनाच सांगत होते. "पण त्या दिवशी खोटं बोलण्यात याचा फायदा होता आणि खरं बोलण्यात पोट जात होतं. हे याला माहीत होतं. मी पुन्हा विचारलं, तरी हा तेच बोलला. म्हणून मी धरलं. अजूनही हा चुकला नसेल असं मी म्हणत नाही."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. मोठा साहेब हसला. साहेब नाही हसले.

त्यानंतर डेपोत पेट्रोलच्या आणि रॉकेलच्या लॉऱ्या वेगळ्या फलाटांवर गेल्या. मॅनेजर उन्हाळ्यापर्यंत होते, मग गेले. साहेबांचीही पुढं दुसऱ्या डेपोत बदली झाली; तोवर दादा परत कामावर आले होते. जायच्या दिवशी त्यांनी रोजच्यासारखी झडती घेतली, आणि दादांचा पाय खाली ठेवताना म्हणाले, "माझ्या जागी येईल त्याच्यावरही विश्वास ठेवू नकोस." हा निरोप होता की ताकीद, ते कळलं नाही. ते पुन्हा कधी दिसले नाहीत. कुणी म्हणायचं वारले, कुणी म्हणायचं दुसऱ्या डेपोतून काढून टाकले. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील किंवा दोन्ही खोट्या.

ती लॉरी भरली असती तर काय झालं असतं, हे मी बी.एस्सी. झाल्यावरही सांगू शकत नाही. कदाचित भडका उडाला असता आणि दादा टाकीवर असते. कदाचित काहीच झालं नसतं, लॉरी जुन्नरला गेली असती आणि लोकांनी दिवाळीत दिवे लावले असते. न लागलेल्या आगीचा पुरावा कुणाकडंही नसतो. गेनू तर शेवटपर्यंत म्हणायचा, "नाकसाहेबानं फुकट दसरा घालवला."

दादांना मात्र मोठ्या साहेबानं त्या चौकशीनंतर लगेच परत बोलावलं होतं, आणि टाकीवरून 'थांबवा' म्हणायचा अधिकार कागदावर दिला होता. वर्ष उलटायच्या आत ते कायम झाले. आईनं वीटभट्टी सोडली. दादा निवृत्त होईपर्यंत, त्यांनी थांबवायला सांगितलेली एकही लॉरी त्या डेपोत कुणी भरली नाही.